एजंटबाईंचे मिस्टर

पत्र आलं विशाखाच्या नावाने, पण फोडलं सुगतने. गेली सात वर्षं विमा कंपनीची सगळी पत्रं अशीच यायची आणि अशीच फोडली जायची. कंपनीच्या दप्तरात एजंट होती विशाखा. परवाना तिचा, सही तिची, बँकेतलं खातंही तिचंच. उरलेली किरकोळ कामं, म्हणजे गिऱ्हाईक हेरणं, त्याच्या गळ्यात पॉलिसी घालणं, फॉर्म भरणं आणि खात्यातले पैसे काढणं, तेवढी सुगत बघायचा.

कारण सुगत सरकारी नोकर होता आणि सरकारी नोकराला दुसरा धंदा करता येत नाही. त्याची कचेरी कोणती ते सांगत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावच्या त्याच्या घरापासून मोटारसायकलवर रोज जाता येण्याएवढी जवळ होती, एवढं कळलं तरी पुरे. तिथे त्याच्या टेबलावर गुरुजी लोकांची बिलं यायची. कुणाच्या दवाखान्याचं बिल, कुणाचा पगारातला फरक. बिलाची चौकशी करायला आलेल्या गुरुजींना सुगत आधी खुर्ची द्यायचा, मग पाणी मागवायचा आणि मग अगदी मायेने विचारायचा, "गुरुजी, लेकराबाळांच्या भविष्याचा काही इचार केलाय का?" गुरुजी हुशार असत. ते तिथेच पॉलिसीच्या फॉर्मवर सही करत आणि बिल त्या आठवड्यात निघे.

कमिशनचं गणित सुगतला तोंडपाठ होतं. गिऱ्हाइकाने भरलेल्या पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला चांगला घसघशीत हिस्सा एजंटला मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो निम्म्याच्याही खाली येतो, आणि पुढे चिमूटभर का होईना, पॉलिसी चालू आहे तोवर येत राहतो. सुगतचं सगळं लक्ष त्या पहिल्या वर्षावर असे. पुढची चिमूट खात्यात कशी जमा होते याचा विचार त्याने कधी केला नव्हता. पैसा येत होता, कार्ड त्याच्या पाकिटात होतं, विचार कशाला करायचा?

तर पत्रात लिहिलं होतं की विशाखाताईंचा विभागात तिसरा क्रमांक आला असून येत्या शुक्रवारी लातूरला त्यांचा सत्कार आहे. सुगतची छाती फुगली. खालच्या ओळीत लिहिलं होतं की सत्कारमूर्तींनी पाच मिनिटं मनोगत व्यक्त करावं, त्यानंतर वरिष्ठ अधिकारी त्यांच्याशी प्रश्नोत्तरं करतील. तिथे छाती जागेवर आली. त्याने ताबडतोब विकास अधिकारी बालाजीला फोन लावला. विशाखाची एजन्सी ज्याच्या हाताखाली होती तो हा बालाजी.

"बालाजीभाऊ, हे मनोगताचं काय काढलंय?"

"सुगतराव, औंदा मुंबईहून मॅडम येऊन राहिल्या. लई कडक बाई हाय. मागल्या महिन्यात दुसऱ्या विभागात एका एजंटबाईला स्टेजवर इचारलं, पहिल्या वर्षाला कमिशन किती मिळतं? बाई म्हणाली, ते आमच्या ह्यांना इचारा."

"मग?"

"मग ह्यांना इचारलं. ह्ये निघाले सरकारी नोकर. बाईची एजन्सी गेली अन् ह्यांच्या ऑफिसला पत्र गेलं."

सुगतने पलंगाच्या कडेवर बसून घेतलं. "विशाखाला बरं न्हाई म्हणून कळवलं तर?"

"कळवा की. मॅडम दुसऱ्या दिवशी गुच्छ घेऊन घरीच येतात, तब्येत इचारायला."

म्हणजे न जाऊन सुटका नव्हती आणि गेलं तर विशाखा बोलणार होती. आता विशाखा कमिशनबद्दल काय बोलणार? सात वर्षांत तिने त्याला या धंद्याबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. तो बोट ठेवेल तिथे ती सही करायची. तिच्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे झाला की एजन्सी जाणार आणि तिच्या मागोमाग नोकरी. सुगतला आत्ताच घरी बसल्यासारखं वाटायला लागलं.

विशाखा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

"लातूरला जायचं हाय शुक्रवारी," तो दारात उभा राहून म्हणाला. "तुझा सत्कार हाय. तिसरा नंबर आलाय माझा. म्हणजे तुझा."

"हाव का," विशाखा म्हणाली.

"तिथं पाच मिनिटं बोलावं लागतंय."

"बोलते की."

सुगतला हे 'बोलते की' फार लागलं. ती घाबरली असती तर त्याला धीर देता आला असता. पाण्याची खोली माहीत नसलेलं माणूस आधी काठावर कसं निवांत बसतं, तशी ती त्याला दिसली. त्याच दिवशी त्याने भाषण लिहायला घेतलं. सात पानं झाली. प्रश्नोत्तरांची वेगळी तीन. रोज जेवणानंतर तो तिची परीक्षा घेऊ लागला.

"सांग, पहिल्या वर्षी कमिशन किती?"

"तुम्ही म्हणताल तेवढं सांगते."

"तसं न्हाई विशाखा. तुला माहीत पाहिजे."

"बरं. सांगा मग."

तो सांगायला लागला की नेमका तिचा फोन वाजायचा आणि ती बोलत बोलत मागच्या अंगणात जायची. अर्धा अर्धा तास. नवऱ्याच्या नोकरीवर टांगती तलवार आहे आणि हिला बचत गटातल्या मैत्रिणी सुचतात, असं म्हणून सुगत पित्ताची गोळी घ्यायचा. बुधवारपर्यंत एक पाकीट संपलं.

त्यात रजेची भानगड होती. सुगतचे साहेब हणमंतराव नियमाला फार पक्के. कचेरीतल्या एका शिपायाने संध्याकाळची रसवंती चालवली म्हणून त्यांनी त्याला नोटीस दिली होती आणि 'सरकारी नोकर हा चोवीस तास सरकारी असतो' हे वाक्य त्या नोटिशीत स्वतः घातलं होतं. सुगत रजेचा अर्ज घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला.

"शुक्रवारी कामून पाहिजे रजा?"

"साहेब, लातूरला मावसभावाच्या पोरीची सोयरीक हाय."

लातूर म्हणताच साहेबांनी मान वर केली. "लातूरला कुठं?"

खोटं बोलणाऱ्याची सगळी ताकद पहिल्या खोट्यात खर्च होते. सुगतला दुसरी जागा सुचेना, म्हणून त्याने सत्काराचीच खरी जागा सांगितली. "औसा रोडला, साहेब. मंगल कार्यालयात."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं आणि घोटभर पाणी प्यायले. मग एक शब्द न बोलता सही केली. साहेब एरवी रजा देताना पंधरा मिनिटं बोलत. आज बोलले नाहीत याचा अर्थ उघड होता. साहेबांना वास लागला होता. सुगत आपल्या टेबलावर आला आणि समोर बसलेल्या गुरुजींना त्याने भविष्याबद्दल काही विचारलं नाही. त्याला स्वतःचंच दिसत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नांदेडहून एसटीत बसल्यापासून तो विशाखाच्या कानाशी पुटपुटत होता. विशाखा जांभळी साडी नेसून खिडकीबाहेर बघत होती. मधूनच "हाव," म्हणायची. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तरी पहिल्या वर्षाचा टक्का तिच्या तोंडून एकदाही आला नाही. लातूरला उतरताना त्याने ती सात पानं तिच्या पर्समध्ये कोंबली आणि म्हणाला, "काही आठवलं न्हाई तर नुसतं वाच. मान वर करू नको."

मंगल कार्यालयाच्या फाटकात शिरताना मात्र त्याची स्वतःची मान वर राहिली नाही. आत एक पांढरी गाडी उभी होती. डावा दरवाजा खरचटलेला. ती खरचट कचेरीच्या फाटकाची होती आणि ती पडताना सुगतने स्वतः बघितली होती. हणमंतराव साहेब आले होते. मागावर आले होते.

"तू हो पुढं," तो विशाखाला म्हणाला. "मी पाणी पिऊन येतो."

"इथंच हाय की पाणी," विशाखा म्हणाली, पण तोवर तो कार्यालयाला वळसा घालून मागच्या बाजूला पोचला होता. तिथे आचाऱ्यांची धांदल चालली होती. जिलेबी तळणाऱ्या मुख्य आचाऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मोकळा कामून उभा राहिलास? ती काकडी चिर."

सुगतने काकडी घेतली. चिरणाऱ्या माणसाला मान खाली घालता येते आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही, हे त्याला एकदम पटलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला. शेजारी आणखी एकजण टमाटे चिरत बसला होता. त्याने तोंडाला रुमाल बांधला होता, कांदा चिरणाऱ्याने बांधला असता तर समजण्यासारखं होतं. बोटात पुष्कराजाची मोठी अंगठी होती. त्या अंगठीने सही करताना टेबलावर होणारा टकटक आवाज सुगत अकरा वर्षं ऐकत होता.

"साहेब," तो म्हणाला. त्याला म्हणायचं नव्हतं, पण सवयीने तोंडातून गेलं.

टमाटा अर्ध्यावर थांबला.

"सोयरीक झाली का?" रुमालाआडून प्रश्न आला.

"व्हायची हाय, साहेब. तुम्ही कसं काय?"

"आमच्या सासरवाडीचं कार्य हाय."

तेवढ्यात भिंतीवरचा भोंगा खरखरला. "विभागात तिसरा क्रमांक, सौ. विशाखा सुगत सोनकांबळे. यांनी कृपया व्यासपीठावर यावं." आपल्याकडे बाईचं नाव घेतलं की मधे नवऱ्याचं येतंच, त्यापासून सुटका नाही. साहेबांनी सुरी खाली ठेवली आणि सुगतकडे रोखून पाहिलं. सुगतला ती नोटीस शब्द न् शब्द डोळ्यांपुढे दिसली, फक्त रसवंतीच्या जागी विमा होता. घराचं कर्ज, पोरीची फी, गावातले लोक, सगळं एका दमात डोळ्यांपुढून गेलं.

"साहेब, माझं ऐका," तो म्हणाला.

भोंगा परत खरखरला. "विभागात दुसरा क्रमांक, सौ. शिवगंगा हणमंतराव बिरादार."

सुगतने हळूहळू मान वर केली. आता खाली बघण्याची पाळी साहेबांची होती. त्यांनी एक टमाटा उचलला आणि गरज नसताना त्याच्या फार बारीक फोडी केल्या.

"सोनकांबळे, तू मला बघितलं न्हाईस."

"तुम्ही बी मला न्हाई, साहेब."

पण साहेबांपासून वाचला तरी मॅडम शिल्लक होत्या. आत विशाखा बोलायला उभी राहिली होती. दोघंही सुऱ्या हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि फटीतून बघू लागले. विशाखाने पर्समधून सात पानं काढली, माइकपुढे धरली आणि परत घडी घातली.

"जय भीम, नमस्कार," ती म्हणाली. "भाषण लिहून आणलं होतं, पण लई मोठं हाय. जेवणं गार होतील."

समोरून मॅडमचा आवाज आला. "कुणी लिहून दिलं?"

सुगतने दाराची चौकट धरली.

"अक्षर मिस्टरांचं हाय, मॅडम. माझं अक्षर चांगलं न्हाई."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "बरं, मग न वाचता सांगा. एजंटला कमिशन कसं मिळतं?"

हाच तो प्रश्न. सुगत ओठ हलवून टक्का सांगू लागला, जणू पन्नास फुटांवरून तिला ऐकू जाणार होतं. विशाखाने पहिल्या वर्षाचा टक्का सांगितला. मग दुसऱ्याचा. मग पुढचा सगळा हिशोब, कोणत्या मुदतीच्या पॉलिसीला किती कमी होतं आणि का, तेसुद्धा सांगितलं. त्यातलं काही तर सुगतलाही माहीत नव्हतं.

"पहिल्या वर्षी लई मिळतं," ती पुढे म्हणाली, "म्हणून एजंट पहिल्या वर्षी लई गोड बोलतो. दुसऱ्या वर्षी मिळकत घटली की त्याचा फोन बी घटतो. गिऱ्हाइकाला मग कुणी वाली राहत न्हाई. माझा नंबर कागदावर हाय, म्हणून सगळे मलाच फोन करतात. गुरुजी म्हणायचे, ताई, ही पॉलिसी कशाची हाय तेच आम्हाला ठावं न्हाई. आमचं काम झालंय, आता बंद करा."

साहेबांनी सुगतकडे पाहिलं. सुगतने जिलेबीकडे पाहिलं.

"काम म्हणजे कुठलं काम?" मॅडमनी विचारलं.

विशाखा थोडं थांबली. तेवढ्या वेळात सुगतने दाराची फट आणखी थोडी लावून घेतली.

"टॅक्स वाचवायचं, मॅडम," ती म्हणाली. "मग मी म्हणायची, गुरुजी, जरा घरच्या बाईला फोन द्या. बाईला सगळं समजून सांगायची. हे गेले तर हा कागद तुझ्या कामाचा हाय, हप्ता जड जात असंल तर रक्कम कमी करून घे, पण बंद पाडू नको. दुसऱ्या दिवशी गुरुजी हप्ता भरून मोकळे."

सभागृहात टाळ्या पडल्या. मागच्या अंगणातले अर्ध्या अर्ध्या तासाचे फोन सुगतला आता कळले.

"आमच्या हिकडं धुरपताबाई म्हणून हायत," विशाखा सांगत होती. "त्यांचा मालक शाळेत शिपाई होता, अचानक गेला. फॉर्म भरताना घाईत वय चुकलं होतं. पैसे अडकले. मी बाईला घेऊन चार खेपा नांदेडला गेले, शाळेचा दाखला काढला. पैसे मिळाले त्या दिवशी बाई माझ्या गळ्यात पडून रडली. तवा मला कळलं, मी कशाची एजंट हाय ते."

तो फॉर्म सुगतने भरला होता. बिलांच्या गर्दीत, चहा पिता पिता. त्या चार खेपांना विशाखा बचत गटाच्या प्रशिक्षणाला गेलीय असं तो समजत होता आणि एकदा तर भाजीत मीठ कमी पडलं म्हणून रागावलाही होता. त्याला लाज वाटली. त्या लाजेपुढे आठवडाभराची भीतीही काही क्षण मागे पडली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"म्हणूनच हा सत्कार आहे," मॅडम माइक घेऊन म्हणाल्या. "नवीन पॉलिसी विकणारे पुष्कळ आहेत. विकलेली टिकवणारे कमी."

सुगतने खिशातून पत्र काढलं. 'तिसरा क्रमांक' एवढं वाचून त्याची छाती फुगली होती, त्याच्या पुढचे शब्द राहिले होते. पॉलिसी चालू ठेवण्यात तिसरा. नवीन विक्रीची यादी पाठीमागे जोडलेली होती आणि तिच्यात नाव कुठेच नव्हतं.

"शेवटचा प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "मिस्टर काय करतात?"

"सरकारी नोकर हायत."

काकडीची सुरी सुगतच्या बोटाला लागली.

"मग ते या कामात मदत करतात?"

"न्हाई मॅडम," विशाखा शांतपणे म्हणाली. "त्यांना नियमानं करता येत न्हाई. मला मोटारसायकलवर इकडं तिकडं सोडतात, तेवढंच."

मॅडम पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी स्वतः उभं राहून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी आपला रुमाल सोडून सुगतच्या बोटाला बांधला. "तुझी सुटली रे," ते म्हणाले. "आमची तर मी लिहून दिलेला कागदच वाचणार हाय." आणि आत शिवगंगाबाईंचं नाव पुकारताच ते टमाट्यांकडे परत गेले.

परतीच्या एसटीत सुगतचा जीव भांड्यात पडला होता. मांडीवर शाल-नारळ, शेजारी विशाखा, बोटाला साहेबांचा रुमाल. अहमदपूर मागे पडेपर्यंत तर तो पुढचे बेतही करू लागला.

"सोमवारी अठरा बिलं येऊन राहिलीत," तो म्हणाला. "आता भ्यायचं कारण न्हाई. साहेब बी आपलेच."

"बिलं काढून द्या," विशाखा म्हणाली. "भविष्याचं इचारू नका. नवीन पॉलिसी ज्याला पाहिजे तो मला फोन करील."

"अगं पण..."

"तुम्ही एकेक आणून टाकता अन् मी वर्षभर निस्तरत बसते. आता न्हाई. अन् ते कार्ड द्या इकडं."

सुगतने तिच्याकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती, म्हणून तर जास्त भीती वाटली. त्याने पाकीट काढलं, कार्ड दिलं. तिने ते पर्समध्ये सात पानांच्या खाली नीट ठेवलं आणि चेन लावली.

"सोमवारी सकाळी साडेसहाला गाडी काढा," ती मग म्हणाली. "बिलोलीला दोघीजणींकडं जायचं हाय. तुमच्या ऑफिसच्या टायमाआधी वापस येताव."

सुगतने मनातल्या मनात अंतर मोजलं. जाऊन-येऊन बरंच होत होतं. तो घसा साफ करून म्हणाला, "मग त्याच्यात माझं काही... म्हणजे निदान पेट्रोलचं तरी?"

"देणार होते," विशाखा म्हणाली. "पण तुम्ही पडले सरकारी माणूस. धंद्याचा पैसा घेतला अन् उद्या कुणी इचारलं, तर नोकरी जाईल तुमची."